‘कसे असावे’ आणि ‘कसे करावे’ : कृतिपर निबंधाच्या विषयनिवडीविषयी

मराठी निबंधाची चर्चा आपण बहुधा वैचारिक निबंध, ललित निबंध आणि लघुनिबंध या तीन खणांत करतो. एखादी गोष्ट कशी करावी हे क्रमाने सांगणारे गद्य यांपैकी कोणत्याही खणात बसत नाही. त्याला ‘उपयुक्त वाङ्मय’ म्हणून वाङ्मयाच्या उंबरठ्याबाहेर ठेवले जाते. अशा लेखनाला प्रस्तुत लेखात सोयीसाठी ‘कृतिनिबंध’ म्हटले आहे. कृतिनिबंधात विषयाची निवड ही लेखनापूर्वीची किरकोळ तयारी नसून तोच त्याचा पहिला आणि निर्णायक वाङ्मयीन निर्णय असतो, असे येथे मांडावयाचे आहे.

या विचाराला निमित्त झाले ते दिल्लीतील अध्यापनाचे. तौलनिक साहित्याच्या वर्गात मी विद्यार्थ्यांना एक कृतिनिबंध लिहावयास सांगितला होता. वर्गात हिंदी, बंगाली, मल्याळम आणि मराठी अशा निरनिराळ्या भाषांतून आलेली मुले होती. पण आलेले विषय विलक्षण सारखे होते : यशस्वी संशोधक कसे व्हावे, वेळेचे नियोजन कसे करावे, महानगरात कसे राहावे. निबंध शुद्ध होते, आणि निर्जीव होते. लातूरकडील एका विद्यार्थिनीने टाचण परत घेताना सांगितले, की तिला खरे तर पाट्याला टाकी कशी लावतात हे लिहायचे होते, कारण घरात ते काम पिढीजात होते. “पण सर, तो काय विषय झाला?” या प्रश्नाचे उत्तर मला त्या क्षणी नीट देता आले नाही. पुढील विवेचन हे त्याचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

मराठीतील कृतिनिबंधाचा एक उत्कृष्ट नमुना सतराव्या शतकातील आहे आणि तो पद्यात आहे. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासाचे नावच ‘लेखनक्रियानिरूपण’ असे आहे. ग्रंथ हाताने कसा लिहावा, एवढाच त्याचा विषय. अक्षर वाटोळे आणि मोकळे असावे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे. ओळीला ओळ लागू नये आणि वेलांटी किंवा मात्रा दुसऱ्या ओळीत घुसू नये. पान आधी आखून घ्यावे आणि भोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहिले तर ते म्हातारपणी कामास येत नाही, म्हणून मध्यम आकाराचे लिहावे. पुढे कागद, खळ, सुऱ्या, कातऱ्या, देशोदेशीचे बरू, शाई, हिंगूळ आणि शेवटी पोथी जपण्यासाठी वेष्टने, पेट्या व कुलुपे यांची यादी येते. येथे प्रत्येक सूचनेमागे एक संभाव्य बिघाड दडलेला आहे : झडलेला कागद, मंदावलेली दृष्टी, एकमेकींत अडकलेल्या ओळी. लेखकाने हे बिघाड पाहिलेले आहेत, याविषयी वाचकाला शंका उरत नाही.

याच ग्रंथातील चौदाव्या दशकाचा तिसरा समास याच्याशेजारी ठेवून पाहावा. तेथे विषय आहे कवित्व. समर्थ कवित्वाचे ढीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार करतात, पहिल्या दोहोंना उणे ठरवतात आणि चांगले कवित्व कसे असावे याची विशेषणे मांडतात. हा समास वाचून कवित्वाची पारख करता येईल. कवित्व करता येणार नाही. प्रासादिक कवित्व भक्तीतून आपोआप उमटते असे मानल्यावर त्याच्या पायऱ्या सांगण्याला अर्थच उरत नाही. ग्रंथकार तोच, छंद तोच, वाचकाची काळजीही तीच. फरक पडला तो विषयामुळे. लेखनक्रियेला क्रियापदे मिळाली, कवित्वाला विशेषणे. एकात ‘कसे करावे’ आहे, दुसऱ्यात ‘कसे असावे’. माझ्या वर्गातील निबंध निर्जीव का होते, याचे उत्तर या तुलनेत सापडते : ‘यशस्वी संशोधक’ या विषयाला क्रियापद नाही. त्याची लक्षणे सांगता येतात. त्यात बरू कोणता घ्यावा हे सांगता येत नाही.

म्हणून विषयनिवडीची पहिली कसोटी अशी मांडता येईल : ज्या विषयात साधन, क्रम आणि बिघाड हे तिन्ही नावानिशी सांगता येतात, तोच कृतिनिबंधाचा विषय. ही कसोटी केवळ मराठीपुरती नाही. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने इ. स. १४००च्या सुमारास लिहिलेल्या चित्रकलेच्या हस्तपुस्तकात पिसाची लेखणी छाटणे, रंग घोटणे, लाकडी फळीवर अस्तर चढवणे यांसारख्या बाबी सुट्या सुट्या प्रकरणांत सांगितल्या आहेत. ‘चित्रकला’ हा विस्तीर्ण विषय तो हाताच्या मापाच्या तुकड्यांत मोडतो, आणि म्हणूनच तो शिकवू शकतो.

दुसरी कसोटी मात्र मराठीच्या व्याकरणातून पुढे येते. इंग्रजी कृतिलेखन आज्ञार्थात चालते. तेथे वाचक हाच अध्याहृत कर्ता असतो. हिंदी पाककृतींत रूढ असलेल्या ‘डालें’, ‘मिलाएँ’ या रूपांत आदर आहे. पण कर्म बदलले तरी क्रियापद बदलत नाही. मराठी विध्यर्थात ओळ आखावी, अक्षर काढावे, बरू आणावेत, अशी क्रियापदे कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतात. वाक्याची सूत्रे वस्तूच्या हाती जातात, आणि कर्ता तृतीयेत बाजूला उभा राहतो, किंबहुना बहुधा गाळलाच जातो. विषय निवडणे म्हणजे या गाळलेल्या तृतीयेत कोण उभे राहील, हे ठरवणे होय. ‘लेखनक्रियानिरूपणा’त ही तृतीया गाळलेली नाही : समासाच्या आरंभीच ती ब्राह्मणाची आहे असे स्पष्ट सांगितले आहे. लेखनाची क्रिया कितीही तटस्थपणे वर्णिली, तरी ती कोणाच्या हाताने व्हावयाची हे आधीच ठरलेले आहे.

पाकशास्त्राच्या मराठी पुस्तकांतून या तृतीयेचा प्रवास अधिक स्पष्ट दिसतो. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१०च्या ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ या ग्रंथात कर्ती शीर्षकातच आली, आणि ‘क्रिया’ हा शब्दही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे माप रूढ केले, कारण तिची वाचक आईपासून दूर संसार मांडणारी नवखी मुलगी होती, आणि वाटी प्रत्येक घरात होती. माप बदलले ते वाचक बदलल्यामुळे.

तरीही या परंपरेत काही स्वयंपाकघरे आलीच नव्हती. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) ही उणीव विषयाच्या निवडीनेच दाखवून देते. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांचे अन्न हा त्याचा विषय. मांसाच्या पट्ट्या कापून, वाळवून केलेल्या चान्या किंवा रक्ती यांसारखे पदार्थ त्यात कृतीसह येतात. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या रूढ वचनाला शीर्षकातील एका ‘अ’ने दिलेला छेद पुरेसा बोलका आहे. हे पुस्तक शुद्ध कृतिग्रंथ नाही. त्यात आठवण आहे आणि सामाजिक इतिहासही आहे. पण एक पेच त्यात विशेष आहे. १९२७ साली महाड येथे डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले होते. १९५६च्या धर्मांतरानंतर अनेक घरांनी जुने अन्न जाणीवपूर्वक टाकले. आणि पुस्तक निघाले त्याच वर्षी महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी लागू झाली. वाचकाने करावे अशी अपेक्षा नसताना लिहिलेली कृती म्हणजे काय? येथे ‘करावे’चा अर्थ उपदेशाकडून साक्षीकडे सरकतो. असे केले जात होते, आणि त्याला कौशल्य लागत होते, एवढे सिद्ध करण्यासाठी कृती लिहिली जाते. २०२४ साली या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद आला. अनुवादात विध्यर्थाची ही हालचाल कशी उतरते, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

आता त्या विद्यार्थिनीकडे वळता येईल. तिने अखेर तोच विषय घेतला. पाटा गुळगुळीत झाला हे हाताला कसे कळते, टाकीचा घाव किती तिरपा असावा, घाव खोल गेल्यास मसाला खाचेत कसा अडकतो, आणि टाकी लावल्यावर पहिले वाटण टाकून का द्यावे लागते, हे तिने लिहिले. वर्गातील एका दिल्लीकर मुलाला त्यावरून गल्लीत सिलबट्टा कुटून देणारे लोक आठवले. मिक्सरच्या काळात याचा उपयोग काय, हा आक्षेपही आला. त्यावर तिने जोडलेला परिच्छेद मला सर्वांत मोलाचा वाटला : टाकी लावण्याचे मोल दारात उभे राहून कसे ठरवावे आणि ते कमी दिले गेल्यास काय बोलावे. कष्टाचे काम लिहिले म्हणजे ते आपोआप सुंदर होत नाही, ही जाणीव त्यात होती. जातीने लादलेल्या कामाचे कौतुक करून थांबणारा कृतिनिबंध त्या कामाच्या कर्त्याला पुन्हा गाळतो.

साधन, क्रम आणि बिघाड ज्याला आहेत असा विषय घ्यावा, ही पहिली कसोटी. आणि त्या विषयाच्या तृतीयेत कोण उभे आहे हे लेखकाला ठाऊक असावे, ही दुसरी. पहिली ‘लेखनक्रियानिरूपणा’तच मिळते. दुसरीसाठी मराठीला ‘अपूर्णब्रह्मा’पर्यंत यावे लागले. “तो काय विषय झाला?” असे ज्याविषयी विचारले जाते, त्याची क्रियापदे बहुधा अद्याप कोणी लिहून ठेवलेली नसतात.