घड्याळ आणि झाडू

चित्रकार प्रभाकर बर्वे (१९३६-१९९५) विणकर सेवा केंद्रात नोकरी करायचे. घड्याळ, पान, सफरचंद असल्या रोजच्या वस्तू घेऊन ते त्यांना अमूर्त करायचे. त्यांचं घड्याळ मोकळ्या जागेत तरंगतं. त्याला पाळी नाही, भोंगा नाही.

हिमायतनगरला जिनिंगमधून सुटल्यावर, अंगावरचा कापूस न झटकताच मी ती छापील चित्रं पाहिली. आधी राग आला. वस्तूवरचा राबता हात पुसला कुणी? आमच्या झाडूला तर जात चिकटवलीय. पेशवाईत तो आमच्या कमरेला बांधला होता.

मग उमगलं. बर्वे वस्तूला तिच्या कामातून सोडवतात. आपल्याला झाडू जातीतून सोडवायचाय. त्यांची रीत शिकू. पण हात पुसायचा नाही.