'मिनिमल लॉस'मध्ये ओलीस कोण होतं?

मागच्या भागात बोलता बोलता आमचं 'क्रिमिनल माइंड्स'वरून जुंपलं होतं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. वेळ संपली आणि वाद अर्धाच राहिला. तो इथे पुरा करते, कारण माईकसमोर मला माझं म्हणणं धड मांडता आलं नव्हतं.

वाद होता चौथ्या सीझनमधल्या तिसऱ्या भागाचा. नाव 'मिनिमल लॉस', प्रक्षेपण ८ ऑक्टोबर २००८. कोलोरॅडोत एका धार्मिक पंथाचं रँच असतं. तिथे पंधरा वर्षांच्या जेसिकावर अत्याचार होतोय असा फोन येतो. एफबीआयचे प्रेंटिस आणि रीड ओळख लपवून, एका समाजसेविकेबरोबर मुलांशी बोलायला आत जातात. त्याच वेळी राज्याचे पोलीस धाड घालतात, गोळीबार होतो, आणि पंथाचा प्रमुख सायरस सगळ्यांना आत कोंडून घेतो. सायरसचं काम ल्यूक पेरीने केलंय. ज्यांना तो फक्त 'बेव्हर्ली हिल्स'मधला देखणा पोरगा म्हणून आठवतो, त्यांनी इथे त्याचा आवाज ऐकावा. एकदाही चढत नाही.

हा भाग मी तीनदा पाहिलाय. पहिल्यांदा लीड्सला, पीएचडीच्या दिवसांत, घरातल्या मैत्रिणींबरोबर. मग इथे मिशिगनला आल्यावर एकटीने. आणि गेल्या हिवाळ्यात आईबरोबर, ती डोंबिवलीहून आली होती तेव्हा. प्रेक्षकांची मतं म्हणाल तर मी जिथे जिथे ऐकली तिथे ती एकाच प्रसंगाभोवती फिरतात. आत एफबीआयचा माणूस आहे हे सायरसला कळतं. तो रीडच्या डोक्याला बंदूक लावून विचारतो, तुमच्यातला कोण? प्रेंटिस म्हणते, मी. मग तो तिला बेदम मारतो. बाहेर तिचे सहकारी लपवलेल्या मायक्रोफोनवर ते सगळं ऐकत असतात. आत घुसावं की नाही यावरून त्यांची घालमेल चाललेली असते आणि तेवढ्यात ती म्हणते, मी सहन करू शकते.

माझं काम संवादांच्या विश्लेषणाचं. लोक फोनवर, दवाखान्यात, कोर्टात प्रत्यक्ष कसे बोलतात ते रेकॉर्डिंग ऐकून टिपायचं. त्यामुळे या एका वाक्यावर मी फिदा आहे, हे आधीच कबूल करते. सायरसला ते उद्धटपणाचं उत्तर वाटतं. बाहेरच्यांना तो निरोप असतो: येऊ नका. एक वाक्य, दोन श्रोते, दोन अर्थ, आणि बोलणारीला दोन्ही माहीत. लेखकाने हे फार नेमकं साधलंय. लीड्सच्या घरात या जागी टाळ्या पडल्या होत्या, माझ्याही. त्यानंतर रात्री उशिरापर्यंत चर्चा एवढीच, की रीडने गप्प राहायला हवं होतं का. एक म्हणाली भित्रा आहे. दुसरी म्हणाली तोही बोलला असता तर दोघंही मेले असते. मी रीडच्या बाजूने होते, अजूनही आहे.

पण या चर्चेत जेसिका कुठेच नव्हती. आणि हेच मला मागच्या भागात म्हणायचं होतं.

बघा, प्रेंटिस आणि रीड तीन दिवसांचे ओलीस. त्यांच्यामागे अख्खी यंत्रणा उभी. त्यांचं बोलणं कोणीतरी ऐकतंय हे त्यांना ठाऊक आहे. जेसिकाचं काय? ती कळत्या वयात येईतो सायरसच्या ताब्यात. स्वतःला त्याची बायको समजते आणि ते अभिमानाने सांगते. मदतीचा फोन तिने केलेलाच नसतो, तो तिच्या आईने केलेला असतो. म्हणजे जिच्या नावाने हे सगळं रामायण घडलं, तिने मदत मागितलेलीच नाही. शेवटी सुटकेच्या धांदलीत ती उलटी आत पळते, सायरस मेलेला बघते आणि स्फोट घडवते. स्वतः संपते. आणि बहुतेक प्रेक्षक तिला दोन शब्दांत निकालात काढतात: ब्रेनवॉश झालेली. समाजसेविका तर पहिल्या गोळीबारातच जाते. तिचं नाव आठवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

यावर माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं असं, की मालिका आहे, कायमची पात्रं महत्त्वाची असणारच. बरोबर आहे. दर आठवड्याला ज्यांना भेटतो त्यांची काळजी वाटणार. पण या भागाने स्वतःच नाव घेतलंय 'कमीत कमी हानी', आणि हानी मोजायची म्हटलं की कोणाकोणाची मोजायची हा प्रश्न येतोच. शिवाय हा भाग हवेतून आलेला नाही. १९९३ साली टेक्सासमध्ये वेको इथे ५१ दिवस वेढा चालला. पहिल्याच दिवशी ४ सरकारी अधिकारी मारले गेले आणि शेवटच्या दिवशीच्या आगीत ७६ माणसं गेली, त्यात २० हून जास्त मुलं. वाटाघाटी करणाऱ्यांनी दरम्यान ३५ जणांना बाहेर आणलं होतं, त्यांतली २१ मुलं. पण इकडे माणसं सुटत होती आणि तिकडे सशस्त्र पथकवाले वीज तोडत होते, कर्कश आवाज लावत होते. वाटाघाटींचे प्रमुख गॅरी नोस्नर यांनी पुढे पुस्तक लिहून या दुहीबद्दल सांगितलंय.

दुसरा धागा त्याहून जवळचा. एप्रिल २००८ मध्ये, म्हणजे हा भाग यायच्या सहा महिने आधी, टेक्सासमधल्या एका पंथाच्या रँचवर एका अल्पवयीन मुलीच्या फोनवरून धाड पडली आणि ४०० हून अधिक मुलं सरकारने ताब्यात घेतली. फोन बनावट निघाला. मे महिन्यात टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांना असं सरसकट नेणं योग्य नव्हतं असं ठरवलं आणि मुलं परत गेली. पण फोन खोटा होता म्हणून अत्याचार खोटे ठरत नाहीत. पंथप्रमुख वॉरन जेफ्सला २०११ मध्ये बालिकांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी जन्मठेप झाली. हा गुंता जेसिकाच्या पात्रात जसाच्या तसा आहे. मालिकेने तो उचलला आणि स्फोटात उडवून टाकला. माझी खरी तक्रार प्रेक्षकांपेक्षा इथे जास्त आहे.

बाहेर बसून आतल्या माणसाचं निदान करायची खोड आपल्याला कुठून लागली? 'स्टॉकहोम सिंड्रोम' हा शब्द आपण सगळेच सढळ हाताने वापरतो. ऑगस्ट १९७३ मध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेत चार जणांना सहा दिवस ओलीस ठेवलं होतं. त्यांतली २३ वर्षांची क्रिस्टिन एन्मार्क थेट पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याशी फोनवर बोलली. तिचं म्हणणं साधं होतं: चोरांपेक्षा मला पोलिसांच्या हल्ल्याची भीती वाटते, आम्हाला त्यांच्याबरोबर जाऊ द्या. हे विधान चूक की बरोबर ते तपासता आलं असतं. त्याऐवजी पोलिसांना सल्ला देणारे मानसोपचारतज्ज्ञ नील्स बेयेरोट यांनी त्याला आजाराचं नाव दिलं. एन्मार्कने ते नाव पुढे कायम नाकारलं. संवादविश्लेषणाच्या वर्गात मी हे उदाहरण देते तेव्हा मुलं चक्रावतात. समोरच्याचं म्हणणं ऐकून न घेण्याचा याहून सभ्य मार्ग मला माहीत नाही.

जेसिकाला सायरसबद्दल एन्मार्कइतकं स्वच्छ काही दिसत होतं असा माझा दावा नाही. पंधरा वर्षांची पोर आहे ती, तिच्यावर अत्याचारच झालाय. पण प्रेंटिस तिच्याशी बोलते तेव्हा आपण आतुरतेने फक्त एकच ऐकत असतो: ही कबूल करते की नाही? ती बाकी जे बोलते ते आपल्या कानांवरून निघून जातं. पहिल्या दोन्ही खेपांना माझंही तेच झालं.

आता आईबद्दल. आई 'सीआयडी'वर वाढलेली प्रेक्षक. दार तुटलं नाही तर तिला भाग पाहिल्यासारखा वाटत नाही. मी तिला इंग्रजी संवाद मराठीत सांगत होते. आत एफबीआयचा माणूस आहे हे सायरसला टीव्हीवरच्या बातम्यांतून कळतं, तिथे ती एकदम उसळली. "न्यूजवाल्यांनीच घात केला! आपल्याकडे झालं तसंच." मला क्षणभर समजलं नाही. मग उलगडलं. हा भाग दाखवला त्यानंतर बरोब्बर सात आठवड्यांनी २६/११ झालं. हॉटेलांत माणसं कोंडलेली असताना आपल्या वाहिन्या कमांडोंच्या हालचाली थेट दाखवत होत्या आणि हल्लेखोरांचे सूत्रधार पाकिस्तानात बसून तेच पाहून फोनवर सूचना देत होते. २०१२ च्या कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल करून अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला बंदी आली. लीड्सच्या मैत्रिणींना तो बातमीचा प्रसंग आठवतही नव्हता. आईला मात्र प्रेंटिसच्या माराआधी, तो मार कोणामुळे पडतोय ते दिसलं. ते तीन दिवस ती घरी टीव्हीसमोरच बसून होती, आणि याबद्दल ती कधी फारसं बोललेली नाही.

शेवटी विमानातला प्रसंग आला. रीडला अपराधी वाटतंय, प्रेंटिस त्याला सांगतेय की जे झालं त्यात तुझा दोष नाही. छान लिहिलाय, मला दर वेळी आवडतो. मी आईला भाषांतर करून सांगत होते, पण तिचं लक्ष नव्हतं.

"आणि त्या पोरीची आई?" ती म्हणाली. "फोन केला ती. तिला कोणी काही विचारलं का नंतर?"

मी मागे नेऊन बघितलं. विमानात तिचा विषय नाही.