आमच्या गावचा भाग

‘स्वराज्यरक्षक संभाजी’चा शेवटाकडचा, कैदेचा भाग संगमेश्वरच्या माणसाला त्रयस्थपणे पाहता येत नाही. २०१७ साली सुरू झालेली मालिका २०२०च्या सुरुवातीला संपत आली आणि कथा आमच्या कसब्यात पोचली. शेवट सगळ्यांना ठाऊक. तरी आजी म्हणाली, “आज तरी निसटतील काय रे?”

तोवर मालिकेने महाराजांना जवळपास सुपरहिरो केलं होतं. अमोल कोल्हे यांची रोखलेली नजर, चढतं संगीत. हा माणूस हरेल असं वाटायला जागाच नाही. अशा रचनेत नायक चुकत नाही, मग फितुरीवर सगळा भार येतो. फितुरी झालीच नाही असं मी म्हणत नाही. पण मुकर्रबखान निवडक फौज घेऊन कोल्हापूरकडून सह्याद्री उतरला, याची मला जास्त धास्ती वाटते. आंबा घाटात एसटी वळली की आजही पोटात गोळा येतो! फेब्रुवारी १६८९ मध्ये तिथे केवढं रान असेल. शत्रूच्या या धाडसाला मला अधिक वेळ हवा होता. म्हाळोजी घोरपड्यांचं मरणही मग जास्त लागलं असतं.

कवी कलशांची सोबत मात्र मनात राहते. तिथे नायक देव नसतो, कुणाचा तरी मित्र असतो.

भाग संपल्यावर आजीने टीव्ही बंद केला. पुढचे, तुळापूरचे भाग तिने पाहिले नाहीत.