मुलांची पुस्तके आणि निवडीची कसोटी

मराठीत मुलांसाठी छापलेल्या पुस्तकांचा इतिहास भाषांतरापासून सुरू होतो, आणि तोही महाराष्ट्राबाहेर. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरास सरफोजीराजांच्या आश्रयाने इसापाच्या गोष्टी मराठीत उतरल्या. पुढे १८२८ च्या सुमारास मुंबईस सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तके निघाली. त्यांपैकी दुसऱ्याचे मूळ फ्रेंच, इंग्रजीमार्गे आलेले. मराठी मुलाच्या हाती पडलेली पहिली पुस्तके अशी परमुलखातून आलेली होती. तेव्हा बालवाङ्मयात वैविध्य असावे, ही मागणी आजच उत्पन्न झाली असे मानण्याचे कारण नाही. नवे आहे ते एवढेच, की वैविध्याचा अर्थ आता देशोदेशींच्या कथांपुरता न राहता जात, बोली, लिंग, अपंगत्व, प्रदेश यांपर्यंत येऊन पोचला आहे. ही वाढ इष्टच होय. परंतु मुलांची पुस्तके बहुधा मुले निवडीत नाहीत. आईबाप, शिक्षक, ग्रंथपाल आणि पारितोषिक समितीचे सभासद निवडतात. या निवडणाऱ्यांच्या हाती कोणती कसोटी आहे, हे तपासून पाहिले पाहिजे.

जुन्या काळी ही कसोटी उघड होती. पुस्तकातून बोध काय निघतो, एवढे पाहिले की काम भागे. आज बोध हा शब्द उच्चारण्याची सोय उरलेली नाही. पण वृत्ती गेली आहे, असे म्हणवत नाही. एक पुस्तक आदिवासी मुलाचे, एक शूर मुलीचे, एक अंध मुलाचे, एक ईशान्येकडचे, अशा हिशेबाने भरलेल्या याद्या पाहिल्या म्हणजे शिधावाटपाच्या दुकानाची आठवण होते. अशा पुस्तकांतील अंध मुलगा सहसा फार सद्गुणी असतो आणि इतर मुलांना माणुसकी शिकविण्यापलीकडे त्याला उद्योग नसतो. पूर्वी आज्ञाधारकपणा शिकविला जाई, आता समभाव शिकविला जातो. पण शिकवणुकीचा वास मुलांना दोन्हीकडे सारखाच येतो आणि ती पुस्तक मिटून ठेवतात.

रुडिन सिम्स बिशप या अमेरिकन विदुषीने १९९० साली मांडलेली एक उपमा या चर्चेत आता सर्वत्र आढळते. मुलाला पुस्तकात आपले प्रतिबिंब दाखविणारा आरसा मिळावा, दुसऱ्याचे जग दाखविणारी खिडकी मिळावी, आणि त्या जगात पाऊल टाकता यावे म्हणून सरकते दारही मिळावे, असा तिचा आशय. उपमा अर्थपूर्ण आहे. कृष्णवर्णीय मुलांना आपला चेहराच पुस्तकात दिसत नव्हता, त्या समाजाच्या अनुभवातून ती आली आहे. पण आपल्याकडे तिचा वापर करणारे दार विसरतात आणि खिडकीपाशी थांबतात. खिडकीतून माणूस दिसतो. तो काय बोलतो ते ऐकू येतेच असे नाही.

‘श्यामची आई’ हे १९३५ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक येथे उदाहरणादाखल घेण्यासारखे आहे; कारण मराठी घरांत याहून अधिक प्रेमाने निवडले गेलेले पुस्तक दाखविणे कठीण. त्यात एका वृद्ध महार स्त्रीच्या डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडते. तिला हात लावण्यास कोणी धजत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठविते, आणि घरी येऊन स्नान कर, असेही सांगते. साने गुरुजींचे अंतःकरण या प्रसंगात किती कळवळले आहे, हे सांगावयास नको. याच गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून आपले प्राण पणाला लावले. तरीही वाङ्मयीन दृष्टीने पाहता ती मोळीवाली कथेत येते ती मदत घेण्यापुरती. तिचे घर कोठे, तिची नातवंडे कोणते खेळ खेळतात, मोळीचे पैसे किती येतात, यांपैकी काही वाचकाला कळत नाही. हा ग्रंथाचा दोष म्हणता येणार नाही; कोकणातील एका ब्राह्मण घरातल्या मुलाने जे पाहिले तेच तो सांगणार. दोष आहे तो हे एकच बालपण सर्व महाराष्ट्राचे बालपण म्हणून पुढे ठेवणाऱ्या कपाटाचा.

यासमोर तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ ठेवून पाहावे. १९८१ साली जपानमध्ये ग्रंथरूपाने आलेले हे पुस्तक मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे रुजले. त्यातील यासुआकी या मुलाला पोलिओ झालेला आहे. तोत्तोचान त्याला आपल्या झाडावर चढण्याचे आमंत्रण देते. शिडी आणते, ती पुरत नाही, मग घडीची शिडी आणते, आणि घामाने निथळत दोघे एकदाची फांदीवर पोचतात. येथपर्यंत तोही मदत घेणाराच. पण झाडावर बसल्यावर यासुआकी तिला दूरचित्रवाणी नावाच्या, अमेरिकेत असलेल्या एका नवलाच्या पेटीची हकीकत सांगतो. तोत्तोचानपाशी नाही असे काही तरी त्याच्यापाशी आहे, आणि ते तो देतो. दोन प्रसंगांतील भेद येथे आहे. ज्याच्यामुळे पुस्तकाला ‘विविध’ म्हणावयाचे त्या पात्रापाशी सांगण्याजोगे काही आहे काय, हा प्रश्न निवडणाऱ्याने विचारला, तर याद्यांतील अर्धी पुस्तके गळून पडतील आणि यादीत नसलेली काही आत येतील.

आत येण्याजोग्या पुस्तकांत कुमारवयासाठी ‘उपरा’ (१९८०) आणि ‘उचल्या’ (१९८७) यांतील बालपणाची प्रकरणे प्रथम घ्यावी लागतील. ‘उपरा’त लक्ष्मण माने हे कैकाडी समाजातले, गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड टाकून हिंडणाऱ्या घरातले बालपण सांगतात, टोपल्या विणणाऱ्या बापाने मुलाच्या शाळेसाठी धरलेला हट्ट सांगतात. मोळीवालीच्या अंगणातून जग कसे दिसते, हे मराठी मुलाला येथे ऐकू येते. ही पुस्तके मुलांसाठी लिहिलेली नाहीत, त्यांत भूक आणि मार आहे, शब्द कठोर आहेत, असा आक्षेप येईल. त्यातील काही भाग तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना देऊ नये हेही मान्य करता येईल. परंतु ‘तोत्तोचान’देखील प्रथम तरुण स्त्रियांच्या नियतकालिकातून क्रमशः आले होते, वयोगटाचा शिक्का त्याला वाचकांनी बदलावयास लावला. आणि ‘उपरा’तील मुलाचे वय तर वाचणाऱ्या मुलाहूनही कमी आहे. त्याने जे सोसले ते नुसते वाचणेही आपल्या मुलांना सोसणार नाही असे ठरविताना, ती ‘आपली मुले’ कोणती धरली आहेत?

अनुवादित पुस्तकांच्या बाबतीत ही कसोटी अधिकच कडक लावावी लागते, कारण तेथे आवाज दोनदा हरवू शकतो. मार्क ट्वेनने ‘हकलबेरी फिन’च्या आरंभी आपण यात अनेक बोली हेतुपुरस्सर वापरल्याचे सांगून ठेवले आहे. मराठीत गुलाम जिम आणि विधवा डग्लस एकाच स्वच्छ पुणेरी भाषेत बोलू लागली, की कथानक राहते आणि कादंबरी जाते. यावर उपाय म्हणून जिमच्या तोंडी वऱ्हाडी किंवा मालवणी घालावी, तर दुसराच अन्याय होतो : मिसिसिपीकाठचा जिम अकारण अमरावतीचा होतो आणि अमरावतीच्या मुलाला कळते, की आपली बोली अडाण्यांसाठी राखून ठेवलेली आहे. त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे कोणत्याही एका जिल्ह्याची बोली न उचलता वाक्याची मोडणी, पुनरुक्ती, थांबे यांतून बोलण्याची लय घडविणे. तो कष्टाचा आहे आणि मुलांच्या पुस्तकांना मिळणाऱ्या मानधनात असे कष्ट क्वचितच बसतात. शिवाय संपादक तीच वाक्ये ‘शुद्ध’ करून टाकण्याचा धोका असतोच.

राहता राहिला रंजकतेचा मुद्दा. त्याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही, कारण तेथे मुले स्वतःच न्यायाधीश असतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा आहे, हे मुलांना ठाऊक असते. पण खेड्यातल्या मुलाविषयी आदर वाटावा म्हणून कोणी ते पुस्तक वाचीत नाही. पुढे काय होते, यासाठी वाचतात आणि फुरसुंगी आपोआप मनात राहते. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांच्या अनुवादातून आला, तो चोरांच्या मागे धावता धावता कलकत्त्याचे रस्ते मराठी मुलांच्या ओळखीचे करून गेला. ओडिया, असमिया, मल्याळम् या भाषांतील कुमारकथा मात्र मराठीत आल्याच तर बहुधा हिंदी-इंग्रजीच्या वाटेने येतात, आणि त्या वाटेवर पात्रांच्या बोलण्यातले काय काय गळले, हे निवडणाऱ्याला पुस्तक हाती घेऊन सांगता येत नाही. मूळ भाषेतून थेट मराठीत उतरविणारे असे किती अनुवादक आज तयार आहेत, याची मोजदाद एखाद्या अखिल भारतीय संस्थेनेच करावयास हवी. आणि ती करताना इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांत दोन भाषा खेळवत वाढलेल्या तरुणांकडे आधी पाहावे.