खोलीसाठी चोरलेली जात : बागुलांची कथा संशोधकाने कशी वाचावी?

स्थलांतरित मजुरांवर काम करायचं म्हणणाऱ्यांच्या आराखड्यात तीन प्रश्न हमखास असतात. गाव का सोडलं? काम काय मिळालं? मजुरी किती? चौथा प्रश्न क्वचितच दिसतो : राहायला खोली कुणी दिली, आणि देण्याआधी काय विचारलं? मराठीत हा प्रश्न साठ वर्षांपूर्वी एका कथेने विचारला. लेखक आपल्या नाशिकचाच.

बाबुराव बागुल १९३० साली नाशिकजवळच्या विहितगावात जन्मले. लहानपणीच मुंबईला गेले आणि माटुंगा लेबर कॅम्पात वाढले. पुढे रेल्वेच्या नोकरीनिमित्त सुरतला असताना भाड्याची खोली मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली आला. त्याची शीर्षककथा या अनुभवाच्या जवळची आहे, पण ती आत्मकथन नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कथा थोडक्यात अशी. निवेदक तरुण रेल्वेच्या कामावर सुरतजवळ उधन्याला येतो. नोकरी मिळालेली आहे, खोली नाही. सोबतचा कामगार त्याची जात विचारतो, तेव्हा तो उसळून आपण मुंबईकर असल्याचं सांगतो. लोक त्याला वरच्या जातीचा समजतात, मान देतात, घरी जेवायला बोलावतात. त्याच ठिकाणी काशिनाथ सपकाळ हा दुसरा दलित कामगार आहे. तो जात लपवत नाही आणि अपमान झाला की अंगावर जातो. शेवटी निवेदकाची जात उघड होते, कालचे सोबती त्याला मारतात आणि काशिनाथ त्याला सोडवतो. आपल्याला या माणसांनी नाही, मनूने मारलं, असं निवेदक म्हणतो.

मराठी विभागात ही कथा दलित साहित्याचा टप्पा म्हणून शिकवली जाते. ते बरोबरच आहे. पण त्यामुळे तिची एक बाजू झाकली जाते, असं मला वाटतं. ही कामासाठी परमुलखात गेलेल्या मजुराचीही कथा आहे. म्हणून ती समाजशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही वाचायला हवी.

‘मुंबईकर’ हे उत्तर नीट बघा. प्रश्न जातीचा, उत्तर गावाचं. आपल्या प्रश्नावलीत ‘मूळ ठिकाण’ आणि ‘जात’ हे दोन वेगळे रकाने असतात. निवेदक एका रकान्याने दुसरा झाकतो. शहरात गेलं की जात सुटते, या आशेवर त्याचं उत्तर उभं आहे. ती आशा खोटी ठरते, पण गावाकडून कुणी पाठलाग करत आला म्हणून नाही. जात उधन्यातच आहे : खोलीच्या चौकशीत, जेवणाच्या ताटात, सोबत्याच्या मैत्रीत. नोकरी सरकारी नियमाने मिळाली, पण ती टिकवायला लागणारं छप्पर शेजाऱ्यांच्या मर्जीवर राहिलं. अस्पृश्यता (अपराध) कायदा १९५५ सालीच झाला होता, हेही ध्यानात घ्या.

हे जुनं झालं असं वाटत असेल, तर सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास पाहा. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या आडनावांनी घराची चौकशी करायची आणि घरमालक काय म्हणतात ते नोंदवायचं, अशी त्याची पद्धत होती. दलित आणि मुस्लिम नावांना नकार जास्त मिळाले. अभ्यासाने नकार मोजला. तो टाळायला माणूस रोज काय काय करतो, ते कथा दाखवते. दोन्ही लागतात.

आता कथेबद्दलची माझी तक्रार. सगळा दोष मनूवर टाकणारा शेवट जबरदस्त आहे. अन्याय दोन-चार वाईट माणसांचा नसून व्यवस्थेचा आहे, हे तो एका फटक्यात सांगतो. पण न्यायाचा अभ्यास करणाऱ्याला तिथे थांबता येत नाही. मनूला प्रतिवादी करता येत नाही. खोली नाकारणारा, मारणारा, आणि हे घडत असताना गप्प बसणारी यंत्रणा, यांची जबाबदारी वेगवेगळी असते. शेवटच्या वाक्यात ती एकत्र विरघळते. कथेला ते शोभतं, आपल्या प्रबंधाला शोभणार नाही.

ही कथा घेऊन नाशिकमध्ये काय बघायचं? पेठ-सुरगाण्याहून आदिवासी मजुरांच्या टोळ्या द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे येतात. छाटणीसारखी कामं बऱ्याचदा एकरी उक्ती ठरतात. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदारामार्फत दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांसाठी होता. २०२० च्या संहितेने व्याख्या रुंद केली, स्वतःहून आलेल्यालाही धरलं, पण राज्याची सीमा ओलांडायची अट ठेवली. म्हणजे सुरगाण्याहून दिंडोरीला आलेलं कुटुंब घर सोडूनही या व्याख्येत ‘स्थलांतरित’ ठरत नाही. जिल्हा तोच, राज्य तेच. मग ते राहतं कुठे, पाणी कुठून भरतं, ती जागा ठरवतो कोण? बागुलांचा प्रश्न इथे नव्याने उभा राहतो. मात्र आदिवासी टोळीचा अनुभव उधन्याच्या निवेदकासारखाच असेल, असं गृहीत धरू नका. टोळीने येणाऱ्याला ओळख लपवता येत नाही आणि कदाचित लपवायचीही नसते. तो फरक शोधणं हेच संशोधन.

पेटची तयारी करणाऱ्यांसाठी एक सूचना. कथा ‘पुरावा’ म्हणून उद्धृत करू नका. उधन्यात १९६३ पूर्वी असंच घडत होतं, हे या कथेवरून सिद्ध होत नाही. आत्मकथन आणि कथा यांतला फरक सुरुवातीला सांगितला तो याचसाठी. कथेतून प्रश्न घ्या आणि उत्तरं क्षेत्रकार्यात शोधा. मुलाखतीच्या यादीत मजुरीच्या खाली खोलीचा प्रश्न लिहा. ‘भाडं किती?’ एवढ्यावर थांबू नका. ‘खोली बघायला गेलात तेव्हा पहिल्यांदा काय विचारलं?’ असं विचारा. आणि समोरच्याने उत्तराऐवजी गावाचं नाव सांगितलं, तर ते चुकीचं उत्तर समजून खोडू नका.