पृष्ठवंशाच्या दुर्मिळ मारक अर्बुदांवरील शस्त्रक्रिया : यशाच्या मोजमापाची समीक्षा

पृष्ठवंशाच्या मारक अर्बुदांवरील शस्त्रक्रिया ही आधुनिक शल्यविद्येची मोठी कमाई होय. परंतु त्या कमाईचा हिशेब ज्या रीतीने मांडला जातो, ती रीत निर्दोष म्हणता येत नाही.

प्रस्तुत विचार कशेरुकांतच उगम पावणाऱ्या अर्बुदांपुरता मर्यादित आहे. इतर अवयवांतून तेथे पसरणाऱ्या कर्करोगाचा नव्हे. त्यांपैकी कॉर्डोमा हा रोग दर दहा लाख लोकांत वर्षाला सुमारे एकास होतो. तो सावकाश वाढतो. पण अर्धवट काढल्यास बहुधा त्याच जागी पुन्हा उद्भवतो. मज्जारज्जू निकट असल्यामुळे किरणांची पुरेशी मात्रा देणेही कठीण. म्हणून अर्बुद न फोडता, निरोगी ऊतीच्या वेष्टनासह अखंड काढणे हे ध्येय ठरले. स्वीडनमधील बर्टिल स्टेनर यांनी संपूर्ण कशेरुका काढल्याचा वृत्तांत १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे जपानमध्ये तोमिता यांनी या पद्धतीस निश्चित रूप दिले.

हिशेबातील पहिला दोष कालमर्यादेचा. १९७३ ते १९९५ या काळातील अमेरिकेतील ४०० कॉर्डोमा रुग्णांच्या नोंदींत पाच वर्षे जगणारे सुमारे ६८ टक्के होते, तर दहा वर्षे जगणारे ४० टक्केच. या नोंदींत कवटीच्या तळाचे रुग्णही आहेत. तरी इशारा स्पष्ट आहे. मंदगती रोगाला पाच वर्षांची फूटपट्टी लावली की यश प्रत्यक्षाहून मोठे दिसते.

दुसरा दोष तुलनेचा. अखंड उच्छेदन बहुधा त्याच रुग्णांत शक्य होते, ज्यांचे अर्बुद लहान व सोयीच्या जागी असते. मग त्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय शस्त्रक्रियेला किती आणि निवडीला किती, हे मोजक्या रुग्णांच्या वृत्तांतांवरून ठरविणे दुष्कर आहे.

तिसरा दोष अधिक गंभीर. त्रिकास्थीतील अर्बुद काढताना दुसऱ्या त्रिक नाड्या दोन्ही बाजूंनी कापाव्या लागल्यास मूत्राशय व गुदद्वार यांवरील ताबा बहुधा कायमचा जातो. जगलेल्या वर्षांच्या कोष्टकात या हानीला स्वतंत्र रकाना नसेल, तर ते कोष्टक अपुरे होय.

हे अपुरेपण कोठे बोचते, ते पेण तालुक्यातील धरमतरसारख्या खाडीकाठच्या गावावरून ध्यानी येईल. तेथील शेतकऱ्याची कंबर दुखू लागली, तर प्रथम श्रमाचे दुखणे आणि मग मणक्याचा क्षय अशीच शंका येते. क्षय या देशात वारंवार आढळत असल्याने ती अवाजवीही नाही. परंतु क्षयात दोन कशेरुकांमधील चकती बहुधा झिजते, अर्बुदात ती पुष्कळदा शाबूत राहते. हा भेद न पाहता क्षयाचे औषध महिनोन्‌महिने चालले, अथवा घाईने मणका उघडून अर्बुद फुटले, तर अखंड उच्छेदनाची संधी बहुधा कायमची हुकते. सुईने तुकडा काढण्याचा मार्गदेखील पुढील शस्त्रक्रियेच्या छेदात यावा लागतो. म्हणजे परिणामाचा निर्णय पुष्कळदा पहिल्याच हातांनी झालेला असतो. आणि शल्यगृहापासून सुरू होणाऱ्या हिशेबात ते हात दिसतच नाहीत.

साधने दूर आहेत, असे आता म्हणता येत नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कार्यरत आहे. त्याच संस्थेच्या खारघर येथील केंद्रात, म्हणजे रायगड जिल्ह्यातच, २०२३ मध्ये प्रोटॉन किरणोपचार सुरू झाला. मज्जारज्जू वाचवून अर्बुदाला मोठी मात्रा देण्याची सोय त्यामुळे झाली. उणीव आहे ती गाव आणि केंद्र यांच्या मधल्या वाटेच्या नोंदीची.

यास्तव अशा प्रत्येक वृत्तांतात चार गोष्टी असाव्यात : पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंतचा काळ, पूर्वी झालेली शस्त्रक्रिया, किमान दहा वर्षांचा पाठपुरावा, आणि चालणे व मलमूत्रावरील ताबा यांची स्थिती. पाठपुराव्यातून निसटलेल्या रुग्णांची संख्याही लपवू नये. रुग्ण किती वर्षे जगला, या प्रश्नाचे उत्तर तो कसा जगला हे सांगितल्यावाचून पुरे होत नाही.