गल्ली सापडली, घर कुठे आहे?

'उंचीचे जनुक सापडले', 'दुधाचे जनुक सापडले' अशी कात्रणे विद्यार्थी वर्गात आणतात. त्यातील 'सापडले' या शब्दाशी आमचे भांडण आहे.

१९२३ साली अमेरिकेत कार्ल सॅक्स यांनी मोठ्या रंगीत बियांच्या आणि लहान पांढऱ्या बियांच्या घेवड्याचा संकर केला. (राजमा याच जातीचा, वर्गात दाखवायला सोपा.) दुसऱ्या पिढीतील झाडांचे त्यांनी बीच्या रंगाच्या जनुकानुसार गट पाडले. रंग देणाऱ्या रूपाच्या दोन प्रती असलेल्या गटात बीचे सरासरी वजन ३०.७ सेंटिग्रॅम भरले, एक प्रत असलेल्यात २८.३ आणि एकही नसलेल्यात २६.४.

मग रंगामुळे बी जड होते का? सॅक्स यांनी तसा अर्थ लावला नाही. वजनावर परिणाम करणारे काहीतरी त्याच गुणसूत्रावर, रंगाच्या शेजारी असावे आणि रंगाबरोबर वारशाने येत असावे, असे ते म्हणाले. रंग ही नुसती खूण. १९८९ मध्ये लँडर आणि बॉटस्टीन यांनी दोन खुणांमधल्या जागाही तपासण्याची संख्याशास्त्रीय रीत दिली. तरी हाती येतो तो गुणसूत्राचा पट्टाच, आणि त्यात शेकडो जनुके असू शकतात.

आमचा खरा आक्षेप पुढे आहे. पुष्कळ खुणा तपासायच्या आणि उठून दिसतील तेवढ्याच जाहीर करायच्या, म्हणजे ज्यांना योगायोगाने हात दिला त्याच वर येणार. विल्यम बीव्हिस यांनी १९९४ मध्ये संगणकावर कृत्रिम पिढ्या तयार करून हे दाखवले. १०० संततींवरून काढलेला परिणाम फारच फुगतो, ५०० वर थोडा, १,००० वर खऱ्याच्या जवळ येतो. शंभरेक झाडांवरचे निबंध मग किती विश्वासाने वाचायचे?

उंचीचेच पाहा. २०२२ साली सुमारे ५४ लाख लोकांच्या अभ्यासातून १२,१११ खुणा निघाल्या. 'उंचीचे जनुक' यातले कोणते?

'सापडले' म्हणावे असे उदाहरण टोमॅटोचे आहे. फळाच्या वजनाशी जोडलेला एक पट्टा ॲन फ्रेरी आणि सहकाऱ्यांनी २००० साली एका जनुकापर्यंत आणला. पण ते तिथे थांबले नाहीत. लहान फळांच्या रानटी जातीतील ते जनुक त्यांनी मोठ्या फळांच्या वाणात घातले, आणि फळे लहान झाली. तरीही फरक प्रथिनाच्या रचनेत नसून बहुधा जनुकाच्या नियमनात असावा, एवढेच त्यांनी लिहिले.